कॅरल कूली: मिरांडाला पकडणारा डिटेक्टिव्ह

वाळवंटी (धागाकर्ता):

मी अमेरिकेत फीनिक्सला लागून असलेल्या चँडलरला राहतो. काही वर्षांपूर्वी मुलाला घेऊन फीनिक्सचं पोलिस संग्रहालय बघायला गेलो होतो. तिथे मिरांडा खटल्याचा एक कोपरा आहे. चौकशीआधी आरोपीला त्याचे हक्क सांगायलाच हवेत, हे ठरलं तो हा खटला. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. त्याने विचारलं, "बाबा, मिरांडा हे त्या पोलिसाचं नाव ना?" इतक्या मोठ्या हक्काला नाव दिलंय म्हणजे ते कुणातरी भल्या माणसाचं असणार, असं त्याला वाटलं. नाव आरोपीचं होतं. पोलिसाचं नाव कॅरल कूली. २०२३च्या मे महिन्यात तो ८७ व्या वर्षी वारला. तेव्हापासून त्याच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

थोडक्यात हकिकत. मार्च १९६३. फीनिक्समध्ये थिएटरातलं काम संपवून रात्री घरी निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला एकाने गाडीत कोंबून शहराबाहेर नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. काही दिवसांनी तिच्या नातेवाइकाला बसथांब्याजवळ तशीच एक जुनी पॅकार्ड गाडी दिसली. नंबर अर्धामुर्धाच टिपता आला. त्यावरून माग काढत कूली आणि त्याचा जोडीदार विल्फ्रेड यंग १३ मार्चला अर्नेस्टो मिरांडाच्या दारात पोचले. गाडी त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईच्या नावावर होती. "घरच्यांसमोर नको, ठाण्यावर चल, बोलू," असं त्यांनी सांगितलं आणि तो उठून गेला. नाही म्हणता येतं की नाही हेच ठाऊक नव्हतं, असं मिरांडा नंतर सांगायचा.

ओळख परेडीत मुलीला खात्रीने सांगता येईना. मिरांडाने विचारलं, माझं काय झालं? कूलीने त्याला असं भासवलं की ओळख पटली. मग दोन नंबरच्या खोलीत दोन तास चौकशी, आणि दोन तासांनी लेखी कबुलीजबाब. मार नाही, उपाशी ठेवणं नाही, रात्रभर जागवणं नाही. कागदाच्या माथ्यावर छापील मजकूर होता: हा जबाब मी स्वेच्छेने, माझ्या कायदेशीर हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून देत आहे. मात्र ते हक्क कोणते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या जबाबावर मिरांडाला शिक्षा झाली, प्रकरण अपिलात गेलं, आणि १३ जून १९६६ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: ताब्यातल्या माणसाची चौकशी सुरू करण्याआधी त्याला सांगा की तू गप्प राहू शकतोस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मागू शकतोस, आणि पैसे नसतील तर सरकार वकील देईल.

कूली १९७८ला कॅप्टन होऊन निवृत्त झाला. मिरांडा आपणहून बोलला, मी त्या काळच्या रीतीप्रमाणेच काम केलं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं. माझा प्रश्न एवढाच आहे: त्याचं म्हणणं खरं होतं का? तो चुकला, की तो नियमाने वागला आणि नियमच चुकीचा होता?

जास्वंदी:

वाचतेय. इंग्रजी मालिकांमध्ये बेड्या घालताना धडाधड म्हणतात ते हेच, एवढंच माहीत होतं. पण एक शंका आहे. बेड्या घालतानाच म्हणायला लागतं का?

वाळवंटी:

नाही. ताब्यात घेतलेलं असणं आणि प्रश्न विचारणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते सांगावं लागतं. अटक केली पण काहीच विचारलं नाही, तर तेव्हाच सांगण्याची सक्ती नाही. मालिकांमध्ये दृश्य उठून दिसतं म्हणून बेड्यांबरोबर घेतात.

माजी_फौजदार_सोलापूर:

मी तेहतीस वर्षं पोलिस खात्यात काढली, त्यातली बरीच डी.बी.ला, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी सरळ देतो. कूली चुकला नाही. अर्धवट नंबरावरून गाडी शोधणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आम्ही आर.टी.ओ.चे कागद हाताने चाळलेत. त्या माणसाने दहा दिवसांत आरोपी गाठला, अंगाला हात न लावता कबुली घेतली, सही घेतली. आमच्या काळात अशा तपासाला बक्षीस मिळालं असतं. आणि जगाच्या लक्षात काय राहिलं? आरोपीचं नाव. कूलीच्या जागी मी असतो तर मलाही हे आयुष्यभर सललं असतं.

ओळख पटल्याचं भासवलं म्हणता. चौकशीत थोडी हूल द्यावीच लागते. "तुझ्या जोडीदाराने सगळं सांगितलंय" हे वाक्य जगातल्या प्रत्येक पोलिसाने कधी ना कधी म्हटलं असेल.

वाळवंटी:

फौजदारसाहेब, हूल देणं अमेरिकेत आजही चालतं. मिरांडा निकालानंतर तीनच वर्षांनी, १९६९च्या फ्रेझर खटल्यात, तुम्ही लिहिलंत नेमकं तेच झालं होतं. साथीदाराने कबूल केलंय असं पोलिसांनी खोटं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावरून कबुली बाद होत नाही असं न्यायालय म्हणालं. अल्पवयीन मुलांच्या चौकशीत खोटं सांगायला बंदी घालणारं पहिलं राज्य इलिनॉय, तेही २०२१मध्ये.

पुरणपोळी_पुराण:

हूल देण्यात आमच्या आजीचा हात कुणी धरणार नाही. चकल्यांचा डबा हलका लागला की ती "कुणी खाल्ल्या?" असं कधीच विचारायची नाही. नातवंडांना ओळीत बसवून "किती खाल्ल्यास?" असं विचारायची. सर्वांत धाकटा लगेच बोटं मोजायला लागायचा. :)

मृणाल_के:

आजी गोड आहेत. पण मला मघापासून एक गोष्ट टोचतेय, ती बोलते. सगळी चर्चा कूली आणि मिरांडाची. ती अठरा वर्षांची मुलगी कुठे आहे? १९६३मध्ये तिने न्यायालयात उभं राहून साक्ष दिली. त्या काळच्या बचावाच्या वकिलाने तिला काय काय विचारलं असेल, याची कल्पना करा. आणि तीन वर्षांनी कुणीतरी सांगतं की आरोपीला त्याचे हक्क सांगितले नव्हते, म्हणून खटला पुन्हा चालवायचा. तिच्याकडून पाहिलं तर हा निकाल काय वाटला असेल? विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलं होतं की या नियमामुळे काही खुनी आणि बलात्कारी मोकळे सुटतील. मला ते खोडून काढता येत नाही.

माजी_फौजदार_सोलापूर:

मृणालताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत.

वाळवंटी:

मृणाल, तू म्हणतेस ते बरोबर आहे. तिचा उल्लेख मी दोन ओळींत उरकला, तसं व्हायला नको होतं. एक सांगायचं राहिलं: मिरांडा सुटला नाही. फेब्रुवारी १९६७मध्ये खटला पुन्हा चालला, तो कबुलीजबाब बाजूला ठेवून. त्याने तुरुंगात भेटायला आलेल्या त्याच्या सोबतिणीजवळ गुन्हा कबूल केला होता, आणि तिने ते न्यायालयात सांगितलं. पुन्हा २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९७२मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला. हक्कांचा तो इशारा छापलेली छोटी कार्डं स्वतःची सही करून दीड डॉलरला विकायचा. ३१ जानेवारी १९७६ला फीनिक्सच्याच एका बारमध्ये भांडणात भोसकून त्याचा खून झाला. वय ३४.

त्याच्या खुनाच्या संशयिताला पोलिसांनी तोच इशारा वाचून दाखवला. तो गप्प राहिला. सुटल्यावर पळून गेला, आणि त्या खुनात कुणालाच शिक्षा झाली नाही.

जास्वंदी:

शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला.

सातारी_वकील:

फौजदारी वकिली करतो, तालुका न्यायालयापासून सत्र न्यायालयापर्यंत. उशिरा आलो, पण दोन-तीन मुद्दे मांडल्याशिवाय राहवत नाही.

पहिला मुद्दा फौजदारसाहेबांसाठी. अंगाला हात लावला नाही हा तुमचा बचाव, पण या खटल्याला महत्त्व आलं ते त्याच्यामुळेच. मारहाणीने घेतलेली कबुली अमेरिकेत १९३६पासून बाद होत होती. ब्राऊन विरुद्ध मिसिसिपीमध्ये काळ्या आरोपींना फटके मारून जबाब घेतले होते. म्हणजे मारू नका हे ठरून तीस वर्षं झाली होती. सरन्यायाधीश वॉरन यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिलंय की जुन्या कसोट्या लावल्या तर या आरोपींचे जबाब जबरदस्तीचे ठरणारही नाहीत. दडपण त्या बंद खोलीचंच असतं. आत आपलं माणूस नाही, बाहेर कधी जाता येईल माहीत नाही, समोरचा तुम्हाला हवं ते देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. मिरांडाचं शिक्षण आठवीपर्यंत. हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून, या छापील ओळीचा अर्थ त्याने काय लावला असेल?

आणि कूलीने न्यायालयात लपवाछपवी केली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. मिरांडाचे वकील ॲल्विन मूर त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि या कामाचे त्यांना शंभर डॉलर मिळाले. त्यांनी उलटतपासात विचारलं, वकील मिळण्याचा हक्क आहे हे आधी सांगायची तुमची रीत नाही का? कूली म्हणाला, नाही. तेवढ्या एका प्रामाणिक उत्तरावर पुढचं सगळं अपील उभं राहिलं. त्याने "सांगितलं होतं" असं ठोकून दिलं असतं तर कागदावरची छापील ओळ त्याच्याच बाजूने होती. आपल्याकडे साक्षीच्या पिंजऱ्यात "मी समज दिली होती" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कूलीबद्दल मला आदर वाटतो.

दुसरा मुद्दा आपल्याकडचा. कूलीचा तो कागद सातारच्या न्यायालयात आलाच नसता. आपल्याकडे पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. इशारा दिला काय, न दिला काय. भारतीय पुरावा कायदा, १८७२, कलम २५. आता १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. या बाबतीत आपला कायदा मिरांडाच्या पुढे आहे, आणि शंभर वर्षं आधीपासून.

बखरकर:

आपला कायदा पुढे आहे याचा अभिमान वाटण्याआधी तो का आला ते पाहावं. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी करायला आयोग नेमला होता, त्याचा अहवाल १८५५चा. वाचवत नाही. त्यानंतर १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरची कबुली चालणार नाही अशी कलमं आली, आणि १८७२मध्ये पुरावा कायद्याचा मसुदा करणाऱ्या स्टीफनने ती त्या कायद्यात घातली. गोऱ्या सरकारचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. स्वातंत्र्यानंतर आपणही तो अविश्वास जसाच्या तसा जपला. अमेरिकेने पोलिसावर विश्वास ठेवून त्याला अट घातली. आपण अविश्वास ठेवला आणि खोलीच्या आत काय चालतं तिकडे पाहिलंच नाही.

माजी_फौजदार_सोलापूर:

बखरकर, हे मात्र बरोबर. माझ्यासमोर माणूस रडून सगळं सांगतो, मी लिहून घेतो, आणि न्यायालयात त्या कागदाची किंमत शून्य. मग अंमलदार काय करतो? जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७कडे वळतो. "मी हत्यार लपवलंय, चला, काढून देतो." दोन पंच बोलवा, मेमोरंडम पंचनामा करा, गाडीत बसा. वस्तू मिळाली की तेवढा भाग चालतो. त्या वस्तूसाठी पी.सी.आर., म्हणजे पोलिस कोठडी, वाढवून मागायचा, आणि पी.सी.आर.मध्ये काय होतं ते मी इथे उघड लिहिणार नाही. मी स्वतः केलं नाही असंही म्हणणार नाही. वय झालं, आता खोटं कशाला बोलू?

सातारी_वकील:

फौजदारसाहेब, हे लिहायला धैर्य लागतं. दंडवत.

मृणाल_के:

मीही नोंद घेतली, काका.

आडवाटेचा_प्रवासी:

अवांतर वाटेल, पण माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. गावाचं नाव, ठाण्याचं नाव देत नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा, आय.टी.आय.ला. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता, ती चोरीची निघाली. रात्री साडेदहाला फोन, "चौकशीसाठी पाठवा, अर्ध्या तासात सोडतो." बहिणीने पाठवला. पहाटे पाचला सोडला. अटक केली का? नाही म्हणे. नोंद आहे का? नाही. मग साडेसहा तास तो कोण होता? मारलं नाही हेही खरं. नुसतं बाकावर बसवून ठेवलं, आणि एकेक जण येऊन तेच तेच विचारत राहिला. पोरगा मला म्हणाला, "मामा, चारच्या सुमाराला मला खरंच वाटायला लागलं की मलाही माहीत असणार ती चोरीची आहे." मित्राने नंतर सगळं सांगितलं, भाच्याचा काही संबंध नव्हता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

वाळवंटींनी लिहिलंय ना, नाही म्हणता येतं की नाही हे मिरांडाला माहीत नव्हतं. माझ्या बहिणीलाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी मामा असून पहाटेपर्यंत फाटकाबाहेर उभा होतो.

जास्वंदी:

बाप रे. भाचा आता बरा आहे ना?

आडवाटेचा_प्रवासी:

बरा आहे. चाकणला नोकरीला लागला. ठाण्यासमोरून जायचं टाळतो अजून.

सातारी_वकील:

प्रवासीदादा, तुमच्या बहिणीला काय विचारता आलं असतं तेच सांगतो, म्हणजे इथल्या बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल. लेखी नोटीस द्या, असं म्हणता येतं. अटक केली असेल तर कारण सांगावं लागतं, हे घटनेच्या २२व्या अनुच्छेदातच आहे, आणि त्याच अनुच्छेदात वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७मध्ये अटकेचं कारण, ४८मध्ये नातेवाइकांना कळवणं, ३८मध्ये चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं (पूर्ण वेळ शेजारी बसवणं नव्हे), आणि ५८मध्ये चोवीस तासांची मर्यादा. अटकेचा पंचनामा, साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी या गोष्टी डी. के. बसू निकालातून आल्या. कोलकात्याहून या गृहस्थांनी १९८६मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि डिसेंबर १९९६मध्ये अकरा सूचना आल्या.

गप्प राहण्याचा हक्क अनुच्छेद २०(३)मध्ये आहे. तो ठाण्यातल्या चौकशीलाही लागू होतो, हे १९७८च्या नंदिनी सत्पथी निकालात कृष्ण अय्यर यांनी मिरांडाचा आधार घेऊन लिहिलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांना आपण गप्प राहू शकतो हे माहीत होतं, तुमच्या भाच्याला नव्हतं.

खोपोलीकर:

मग भारतात मिरांडा लागू आहे की नाही? एका शब्दात सांगा.

सातारी_वकील:

एका शब्दात नाही सांगता येत. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे थेट आला तो आपल्या मुंबईच्या खटल्यात, कसाबच्या. बचाव असा होता की त्याला सुरुवातीलाच वकील आणि गप्प राहण्याचा हक्क सांगितला नव्हता, म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोरची कबुली बाद करा. २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात न्यायालय म्हणालं, मिरांडाचा नियम जसाच्या तसा इथे आणायची गरज नाही, कारण पोलिसांसमोरची कबुली आपल्याकडे मुळातच चालत नाही. पण त्याच निकालात प्रत्येक दंडाधिकाऱ्यावर एक कर्तव्य टाकलं: आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकील करण्याचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला सांगायचं. कसाबच्या खटल्यातून हे आलं, आणि आज ते माझ्या तालुक्यातल्या कोंबडीचोराला उपयोगी पडतं. धागाकर्त्याच्या मुलाला सांगा, इकडेही हक्क भल्या माणसामुळे आला नाही.

सांगताना एक अपवाद सोडून चालणार नाही. मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९९, कलम १८. तिथे पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे त्याला आधी सांगण्याची अट त्याच कलमात आहे. म्हणजे जिथे कबुली चालू दिली तिथे आपणही मिरांडाचेच शब्द घेतले. २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये त्या विश्वासार्ह न मानता बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे.

मृणाल_के:

त्या खटल्यात १८९ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की आरोपीचे हक्क आणि पीडितांचा न्याय हे तराजूचे दोन पल्ले आहेत, एक वर गेला की दुसरा खाली. आता वाटतंय की तपास कबुलीवर टेकवला की दोघांचंही जातं. मिरांडाच्या दुसऱ्या खटल्यात निदान वेगळा पुरावा मिळाला. पण पोलिसांनी तो शोधला नव्हता, त्याच्या सोबतिणीच्या साक्षीतून मिळाला.

माजी_फौजदार_सोलापूर:

ताई, कबुलीवर तपास टेकतो कारण माणूसबळ नसतं. एका अंमलदाराकडे चाळीस गुन्हे. ठसे घ्यायला तज्ज्ञ यायचे तर पंढरपूरला सोलापूरहून, सोलापूरला पुण्याहून. हे कारण आहे, माफी नव्हे. पण निर्णय लिहिणाऱ्यांनी तेही बघावं.

वाळवंटी:

हे अमेरिकेतही तेव्हा बोललं गेलं, की पोलिसांचे हात बांधले. त्यावर वॉरन यांचं उत्तर मला पटतं. एफ.बी.आय. त्या काळी आधीच असा इशारा देत होती आणि तरीही तिचे आरोपी दोषी ठरत होते, हे त्यांनी निकालातच दाखवलं. वॉरन स्वतः कॅलिफोर्नियात अनेक वर्षं सरकारी वकील होते, म्हणजे गुन्हेगार त्यांनी पाहिले नव्हते असं नाही. आणि २०००मध्ये डिकरसन खटल्यात मिरांडा मोडीत काढायची संधी आली, तेव्हा या निकालाचे जुने टीकाकार सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनीच सात विरुद्ध दोन असा तो टिकवला. पोलिसांच्या रोजच्या कामात हे आता मुरलंय, असं त्यांनी लिहिलं.

पण भिंत पुष्कळ ठिकाणी पोखरलीही गेलीय. २०१०च्या एका निकालानुसार नुसतं गप्प राहून भागत नाही, "मी गप्प राहणार आहे" असं बोलून सांगावं लागतं. २०२२मध्ये ठरलं की इशारा दिला नाही एवढ्यावरून पोलिसावर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही.

खोपोलीकर:

गप्प राहायचं असेल तर बोलावं लागतं?

वाळवंटी:

हो. मीही तो निकाल दोनदा वाचला.

जास्वंदी:

मला एक साधा प्रश्न आहे. या इशाऱ्याचं मराठी कुणी केलंय का? मी करून पाहिलं: "आपणांस मौन बाळगण्याचा अधिकार आहे." वाचताना मलाच परीक्षेची सूचना वाटली.

सातारी_वकील:

जास्वंदीताई, तुम्ही फार मोलाचं विचारलंत. शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १५ फेब्रुवारी १९८३. बारसे पत्रकार. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, कोठडीत बायकांना मारहाण झाली होती. न्यायमूर्ती भगवती यांनी बायकांच्या वेगळ्या कोठड्या, चौकशीला महिला पोलिस असे आदेश दिले. त्यातच एक आदेश असा होता: अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापायचं, प्रत्येक कोठडीत लावायचं, आणि माणसाला ठाण्यावर आणल्याबरोबर त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवायचं.

महाराष्ट्रासाठी, मराठीत, वाचून दाखवायचं. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी. मी एवढ्या कोठड्या पाहिल्या, फलक काही ठिकाणी दिसतात, वाचून दाखवताना मात्र मी कुणाला ऐकलं नाही. अगदी अलीकडे, ६ नोव्हेंबर २०२५ला, वरळीच्या गाडी अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्या.

माजी_फौजदार_सोलापूर:

फलक आमच्याही ठाण्यात होता. ट्यूबलाइटच्या मागे. मीच लावून घेतला होता, तपासणीच्या आदल्या दिवशी.

आता कूलीबद्दल पुन्हा बोलतो. त्याच्या कागदावरची ती छापील ओळ आणि माझा ट्यूबलाइटमागचा फलक यांत फार फरक नाही. दोन्ही होते, आणि समोर बसलेल्या माणसापर्यंत दोन्ही पोचले नाहीत. कूली नियमाने वागला हे माझं म्हणणं कायम आहे. पण नियमाने वागल्यावरही समोरच्या माणसाला काहीच कळलं नव्हतं, हे मी काल लिहिलं नसतं, आज लिहितो.

"मौन बाळगणे" मंगळवेढ्याच्या मेंढपाळाला सांगून बघा. तो म्हणेल, साहेब, कुठला उपास?

वाळवंटी:

फौजदारसाहेब, मग तुम्हीच सांगा. ठाण्याच्या भाषेत. मी मुलाला वाचून दाखवेन.

माजी_फौजदार_सोलापूर:

प्रयत्न करतो.

"हे बघ, बस. पाणी पी. तुला का आणलंय ते आधी सांगतो. मी विचारीन, पण तू सांगितलंच पाहिजे असं नाही. नाही सांगायचं म्हणालास तर कुणी हात लावणार नाही. जे सांगशील ते मी लिहून ठेवणार, आणि ते उद्या तुझ्यावर उलटू शकतं. आधी वकिलाशी बोलायचं असेल तर बोल. पैसे नसले तरी वकील मिळतो, सरकार देतं. घरी कुणाला कळवू?"

मृणाल_के:

काका, बाई असेल तर "हे बघ, बस" नको. "बसा" म्हणा. आणि महिला अंमलदार येईपर्यंत काही विचारणार नाही, हे त्यात घाला.

सातारी_वकील:

आणि शेवटी "मी काय बोललो ते तुझ्या शब्दांत सांग" हे एक वाक्य जोडा. नुसतं "समजलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात.

आडवाटेचा_प्रवासी:

"घरी कुणाला कळवू?" हे सर्वांत आधी घ्या, फौजदारसाहेब. बाहेर कुणीतरी उभं असतं.

माजी_फौजदार_सोलापूर:

घेतलं. बसा, मग घरी कुणाला कळवू, मग पाणी, मग बाकीचं. भाच्याला नमस्कार सांगा.